थायरॉईड कमी आहे का? तपासणी आणि निदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मला २० वर्षं होऊन गेली. सकाळी रक्त घ्यायचं, नळीवर नाव-नंबर घालायचा, संध्याकाळी रिपोर्टचं पाकीट हातात द्यायचं. रिपोर्ट समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम. पण पाकीट उघडलं जातं ते माझ्यासमोर, आणि आकडा जाड अक्षरात छापलेला दिसला की पहिला प्रश्न मलाच येतो. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. गोळी सुरू करणं, थांबवणं, डोस बदलणं मात्र हे वाचून करू नका. त्यासाठी तुमचे कागद पाहणारा डॉक्टर हवा.

आकडा तर वाढलाय, मग थायरॉईड ‘कमी’ कसा?

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. ‘सासूबाईंचा थायरॉईड वाढलाय हो, १४ आलाय’ असं म्हणतात तेव्हा सासूबाईंची ग्रंथी खरं तर मंदावलेली असते.

थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्यात पुढच्या बाजूला कंठमण्याच्या खाली असते. फुलपाखरासारखी, दोन पंखांची. ती मुख्यतः टी-४ (थायरॉक्सिन) आणि थोडं टी-३ ही संप्रेरकं बनवते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून टीएसएच निघतं, आणि थायरॉईडला कामाला लावायचं ते याच टीएसएचनं. ऊसतोडीच्या फडातला मुकादम डोळ्यांपुढे आणा. मजूर नीट राबत असला की मुकादम हळू बोलतो. मजूर थकला, कोयता मंदावला की त्याचा आवाज चढतो. टीएसएच हा त्या मुकादमाचा आवाज. १४ म्हणजे मुकादम ओरडतोय, काम कमी पडतंय. आवाज पार बसलेला असेल, ०.०१ वगैरे, तर बहुधा मजूर नको इतकं राबतोय, म्हणजे थायरॉईड जास्त.

मुकादम फार तापट आहे, हेही लक्षात ठेवा. टी-४ जराशी घसरली तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढतं. म्हणून तर ग्रंथीचं दुखणं सगळ्यात आधी टीएसएचमध्ये दिसतं.

‘मला थायरॉईड आहे’ एवढ्यावर थांबू नका. थायरॉईड सगळ्यांनाच असतो. कमी की जास्त, ते विचारून फाइलवर लिहून घ्या. दोन्हींची औषधं अगदी उलटी आहेत, आणि शेजारणीच्या बाटलीतून चार गोळ्या उसन्या घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

कोणत्या त्रासावरून संशय घ्यावा?

थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीत जास्त रक्त जाणं, विसरभोळेपणा, सुस्ती. ही यादी वाचून निम्मा महाराष्ट्र ‘हे तर मलाच’ म्हणेल, आणि हीच तर अडचण आहे. यातलं एकही लक्षण फक्त थायरॉईडचं नाही.

काही गोष्टी ऐकल्या की मात्र माझे कान टवकारतात. घरात सगळ्यांना उकडतंय आणि हिला पंखा बंद हवा. आवाज घोगरा झालाय. सकाळी चेहरा नि पापण्या सुजलेल्या, अंगठी बोटातून निघत नाही. रात्री हाताला मुंग्या येतात. नाडी संथ. बोलणंसुद्धा रेंगाळल्यासारखं. यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र, आणि त्याही गेल्या काही महिन्यांत नव्यानं सुरू झालेल्या असतील, तर तपासणी करून घ्यावी.

वजनाबद्दल स्पष्ट सांगते. कमी थायरॉईडमुळे वजन वाढतं, पण साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी नि मीठ. २० किलो वाढले असतील तर सगळा दोष बिचाऱ्या थायरॉईडवर घालता येणार नाही.

त्रास काहीच नाही, तरी तपासावं असं कुणी?

कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं निघालं तर त्यावरची गोळी सुरू करण्याआधी एकदा टीएसएच पाहतात, कारण थायरॉईड मंदावला की कोलेस्टेरॉल चढतं. मूल राहत नाही, वारंवार गर्भपात होतोय, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढलंय, अशा वेळीही. आई-बहिणीला थायरॉईडचा त्रास, स्वतःला टाइप १ मधुमेह, कोड किंवा सिलिअ‍ॅक आजार (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं), डाउन सिंड्रोम असलेलं मूल, मानेवर कधी रेडिएशन घेतलेलं, थायरॉईडचं ऑपरेशन झालेलं, या सगळ्यांनी.

औषधांत मनाच्या आजारासाठीचं लिथियम आणि हृदयाचे ठोके आवरणारं अमिओडेरोन ही नावं डॉक्टरांना माहीत असतात. कमी बोललं जातं ते टीबीच्या औषधांबद्दल. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी इथिओनामाइड किंवा ‘पास’ (पीएएस) नावाचं औषध दिलं असेल तर थायरॉईड मंदावू शकतो, आणि पेशंट थकवा टीबीच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

आणि पुरुष. बायकांमध्ये हे दुखणं कितीतरी जास्त, हे खरं. पण म्हणून काका काउंटरवर येऊन ‘हा बायकांचा आजार ना?’ म्हणत पावती परत करतात, ते बरोबर नाही.

हे इतकं सर्रास आहे का, की लॅबवाल्यांनी वाढवून ठेवलंय?

प्रश्न रास्त आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या एका मोठ्या पाहणीत (मुंबई आणि गोवा त्यात होते) पाच हजारांवर प्रौढांचं रक्त तपासलं होतं. १०.९५ टक्के लोकांना कमी थायरॉईड निघाला, आणि त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना आपल्याला काही आहे याची कल्पनाच नव्हती. म्हणजे आजार खरा आहे. पण ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये घाऊक टीएसएच करून पाच-सहाचे आकडे गोळा करायचे आणि प्रत्येकाला गोळी चिकटवायची, हेही चालतं. त्याबद्दल पुढे येईलच.

मग नेमकी कोणती तपासणी सांगायची?

टीएसएच आणि एफटी-४, म्हणजे फ्री टी-४. पहिल्या वेळी एवढं पुरतं. कित्येक डॉक्टर आधी नुसतं टीएसएच पाहतात आणि ते बिघडलेलं निघालं तरच त्याच रक्तावर एफटी-४ करायला सांगतात. तेही योग्यच, आणि पैसे वाचतात.

आपल्याकडे पावतीवर बहुतेक वेळा ‘थायरॉईड प्रोफाईल’ लिहिलेलं असतं. त्यात टी-३, टी-४, टीएसएच येतं, पण हा टी-३, टी-४ ‘टोटल’ असतो. रक्तात टी-४ जवळजवळ सगळं प्रथिनांना चिकटून फिरत असतं. मोकळं, कामाचं असतं ते एक टक्क्याहूनही फार कमी. एफटी-४ मोजतं ते हे मोकळं. पोटात बाळ असेल किंवा पाळीच्या, संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर ती प्रथिनं वाढतात आणि टोटल टी-४ उगाच फुगलेलं दिसतं. म्हणून ‘फ्री’ आहे की ‘टोटल’, हे रक्त देण्याआधी विचारा. आम्हाला राग येत नाही.

टी-३ वर कमी थायरॉईडचं निदान ठरत नाही. ग्रंथी थकली तरी शरीर टी-३ शेवटपर्यंत सांभाळून धरतं, त्यामुळे दुखणं पुढं गेलं तरी टी-३ नॉर्मल दिसू शकतं. इंटरनेटवर वाचून ‘रिव्हर्स टी-३’ मागणारे हल्ली येतात. त्याचा या निदानात उपयोग नाही.

अनशापोटी यायचं का?

सक्ती नाही. पण टीएसएच मध्यरात्रीनंतर सगळ्यात जास्त असतं आणि दुपारकडे उतरतं. काठावरचा आकडा सकाळी आठला ५.२ आणि दुपारी चारला ३.९ येऊ शकतो. म्हणून माझा आग्रह एकच: दर वेळी साधारण त्याच वेळेला या, शक्यतो सकाळी. मागचं रक्त सकाळी दिलं असेल तर पुढचंही सकाळीच.

थायरॉईडची गोळी आधीच चालू आहे. ती घेऊन येऊ की न घेता?

आधी रक्त, मग गोळी. बाटली पर्समध्ये घेऊन या. ही गोळी म्हणजे टी-४च, त्यामुळे सकाळच्या गोळीनंतर काही तास एफटी-४ वर गेलेलं असतं आणि रिपोर्ट उगाच गोड दिसतो. दोन दिवस आधीपासून गोळी बंद करून येणारेही असतात. त्याची काही गरज नाही.

केसांसाठी बायोटिन घेते. त्याचा काय संबंध?

फार मोठा, आणि विचारतं मात्र कुणीच नाही. माझ्या जाऊबाईंचंच सांगते. केस गळतात म्हणून त्या कुणाच्या तरी सांगण्यावरून बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत होत्या. शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत गरजेच्या अडीचशे-तीनशे पट. रिपोर्टमध्ये टीएसएच खाली, एफटी-४ वर. कागदावर चक्क जास्त थायरॉईड. बाई मात्र सुस्त, जाडसर, थंडीनं कुडकुडणाऱ्या. गोळी बंद करून चार दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, तर टीएसएच ११.

असं का होतं? बऱ्याच मशीनमधल्या तपासणीच्या रसायनांत बायोटिन हाच दुवा म्हणून वापरलेला असतो. रक्तात बाहेरचं बायोटिन तरंगत असलं की मोजणी फसते. सगळ्याच कंपन्यांच्या पद्धतीत हे होत नाही, पण तुमच्या लॅबचं मशीन कोणतं हे तुम्हाला कुठे माहीत? रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन थांबवा. केस-नखांच्या मल्टिव्हिटॅमिनचं पाकीट उलटं करून बघा, त्यातही ते असतं. आणि घेत असाल तर काउंटरवर सांगा.

रिपोर्ट कसा वाचायचा?

आधी उजवीकडच्या रकान्यात त्या लॅबची नॉर्मलची हद्द पाहा. मोठ्या माणसांत टीएसएचची हद्द साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी असते, लॅबनुसार थोडी इकडेतिकडे. मग टीएसएच आणि एफटी-४ एकत्र वाचा, एकटं एक नको.

टीएसएच वर, एफटी-४ हद्दीच्या खाली: कमी थायरॉईड, सरळसरळ. इथे फारसा वाद राहत नाही, उपचार लागतात.

टीएसएच वर, एफटी-४ नॉर्मल: याला सबक्लिनिकल म्हणतात. मुकादम ओरडतोय, पण फडातलं काम अजून पुरं होतंय. सगळे वाद इथले.

टीएसएच नॉर्मल किंवा खाली, आणि एफटी-४ सुद्धा खाली: हे जपून घ्या. इथे मजुराचा दोष नसून मुकादमच आजारी असू शकतो, म्हणजे पिट्युटरीचं दुखणं. नुसतं टीएसएच करणाऱ्याच्या हातून हे साफ निसटतं.

टीएसएच ६.८ आलंय. आता जन्मभर गोळी?

लगेच नाही. एका रिपोर्टवर नाही.

एफटी-४ नॉर्मल असेल आणि टीएसएच दहाच्या आत, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला. त्या वेळी सोबत एकदा अँटी-टीपीओ ही तपासणी (ती काय, ते पुढच्या प्रश्नात). ताप येऊन गेलेला असतो, झोप झालेली नसते, एखादं औषध चालू असतं. आणि काहीच नसलं तरी एकाच निरोगी माणसाचा टीएसएच एका तपासणीपासून दुसरीपर्यंत बराच हलतो. किती तरी जणांचा दुसरा आकडा आपोआप हद्दीत आलेला मी पाहिलाय. पहिल्याच दिवशी गोळी सुरू झाली असती तर पुढे नॉर्मल आलेल्या आकड्याचं श्रेय गोळीला गेलं असतं, आणि ती बंद करायची हिंमत कुणालाच झाली नसती. ‘१२ वर्षांपासून २५ची गोळी चालू आहे, का ते आठवत नाही’ म्हणणाऱ्या ताई माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतात. पहिला रिपोर्ट विचारला की म्हणतात, घर बदललं तेव्हा गेला.

तो पहिला, गोळीच्या आधीचा रिपोर्ट सोन्यासारखा जपा. पुढे कुणी डॉक्टर ‘खरंच गरज होती का’ असं विचारील, तेव्हा उत्तर फक्त त्या कागदात असतं. गोळी चालू झाल्यावरचे रिपोर्ट डोसबद्दल सांगतात, मूळ आजाराबद्दल नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दोन वेळा टीएसएच दहाच्या वर आलं तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. दहाच्या आत असेल तर वय, त्रास, अँटी-टीपीओ, कोलेस्टेरॉल, मूल हवंय का, हे पाहून ठरतं. तिथे दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मतं देऊ शकतात, आणि दोघंही चुकलेले नसतात.

अँटी-टीपीओ म्हणजे काय? तो ९०० आलाय, घाबरू का?

शरीराची संरक्षक फौज आपल्याच थायरॉईडवर उलटली आहे का, हे सांगणारी ही तपासणी. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हाशिमोतोचा आजार. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागांत थायरॉईड मंदावण्याचं हेच मुख्य कारण.

९०० आणि ३०० यांत घाबरण्याजोगा फरक नाही. आहे की नाही, एवढंच पाहायचं. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावच्या लोकांवर २० वर्षं नजर ठेवून एक अभ्यास झाला. ज्या बायकांचं टीएसएच वाढलेलं आणि अँटीबॉडीही होत्या, त्यांच्यात दर वर्षी शंभरातल्या साधारण चौघींचा थायरॉईड पुरता मंदावला. दोन्हींपैकी एकच असलेल्यांत दोघी-तिघींचा. म्हणजे ही तपासणी पुढचा अंदाज देते. एकदा पॉझिटिव्ह आली की दर सहा महिन्यांनी ती करत राहणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. लॅबमध्ये नोकरी करून हे लिहितेय, तेव्हा विश्वास ठेवा.

सोनोग्राफी किंवा स्कॅन करावा लागतो का?

नुसत्या कमी थायरॉईडसाठी नाही. मान हाताला सुजलेली लागली, गाठ लागली, गिळताना अडकतंय, तर सोनोग्राफी. थायरॉईड स्कॅन हा मुख्यतः जास्त थायरॉईड आणि गाठींसाठी असतो. जुन्या लोकांना त्यासाठी १९६३ पासूनचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर ठाऊक आहे. रक्ताच्या आधी सोनोग्राफी केली की होतं काय, दोन-तीन मिलिमीटरच्या, कधीच त्रास न देणाऱ्या गाठी सापडतात आणि घराची झोप उडते.

दोन लॅबचे आकडे वेगवेगळे का?

यंत्रं वेगळी, रसायनं वेगळी, रक्ताची वेळ वेगळी. ४.१ आणि ४.९ हा फरक फरकच नाही. एककंही बघा. टीएसएच कुठे मिली-युनिट प्रति लिटर लिहितात, कुठे मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर. दोन्हींत आकडा तोच राहतो. एफटी-४ चं तसं नाही. परदेशात बऱ्याच ठिकाणी ते पिकोमोलमध्ये येतं. आपल्याकडचं १.२ नॅनोग्रॅम म्हणजे तिकडचं साधारण १५. दुबईहून किंवा लंडनहून आलेल्या मुलीचा रिपोर्ट पाहून ‘अगंबाई, १५!’ म्हणून रडारड झालेली आहे. लॅब निवडताना एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का ते बघा, आणि मग तीच धरून ठेवा.

रिपोर्ट नॉर्मल आहे, पण मला बरं वाटत नाही. मग?

तुमचा त्रास खरा आहे, एवढं आधी. ‘रिपोर्ट नॉर्मल’ यातून ‘तुम्हाला काही नाही’ हे निघत नाही.

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन. आपल्या बायकांमध्ये थकवा, केस गळणं, धाप, यांचं थायरॉईडपेक्षा कितीतरी मोठं कारण रक्त कमी असणं. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ (शाकाहारी घरांत तर नक्कीच), साखर, डी जीवनसत्त्व. रात्री घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेतला श्वास तपासावा लागतो. चाळिशी-पन्नाशीच्या मधली पाळीची उलथापालथ. आणि मन. उदासी आहे असं म्हणण्यापेक्षा थायरॉईड आहे असं म्हणणं आपल्याकडे सोपं जातं, म्हणून कित्येक जणी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा थायरॉईड तपासत राहतात.

एक गोष्ट मात्र विचाराच. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का? त्यानंतर दूधच आलं नाही, पाळी परत सुरूच झाली नाही, आणि तेव्हापासून अंगात त्राण नाही, असं असेल तर पिट्युटरीला इजा झालेली असू शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. यात टीएसएच नॉर्मलच्या आसपास दिसतं आणि बाई वर्षानुवर्षं ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन फिरते. इथे एफटी-४ हवंच, आणि कॉर्टिसॉल हे शरीराला ताण सोसायला लावणारं संप्रेरकही. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी ते भरून काढतात, थायरॉईडची गोळी त्यानंतर. उलट क्रम जिवावर बेतू शकतो.

दवाखान्यात भरती असताना थायरॉईड तपासलं, बिघडलेलं आलं.

न्यूमोनिया, हार्ट अटॅक, मोठं ऑपरेशन, अशा वेळी शरीर थायरॉईडचा कारभार तात्पुरता आखडता घेतं, आणि बरं होताना टीएसएच काही दिवस वर उसळतं. स्टेरॉईड चालू असलं तर टीएसएच दबतं. थायरॉईडचाच दाट संशय नसेल तर अशा वेळचा रिपोर्ट बाजूला ठेवतात आणि घरी जाऊन दीड-दोन महिने झाल्यावर पुन्हा करतात.

त्याउलट, आधीपासून कमी थायरॉईड असलेलं माणूस गुंगीत आहे, अंग गार पडलंय, नाडी फार मंद आहे, तर रिपोर्टची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. ही तातडीची अवस्था आहे.

दिवस राहिलेत. कधी तपासायचं?

पहिल्याच भेटीत. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं. या दिवसांत टीएसएच एरवीपेक्षा थोडं खाली असतं, त्यामुळे नेहमीची हद्द लागू पडत नाही. पूर्वी पहिल्या तिमाहीत २.५ च्या वर गेलं की गोळी देत. २०१७ मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने स्थानिक हद्द ठरवलेली नसेल तिथे ती साधारण ४ धरा असं सांगितलं. आपल्याकडे दोन्ही पद्धती चालू आहेत. म्हणून एका डॉक्टरांनी गोळी दिली आणि जावेच्या डॉक्टरांनी दिली नाही, यावरून घरात पंचायत बसवू नका.

आधीच गोळी चालू असेल तर पाळी चुकल्या-चुकल्या डॉक्टरांना कळवा, डोस बहुधा पाव हिश्शानं तरी वाढवावा लागतो. मग निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर महिन्याला टीएसएच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. तिन्ही एकदम चहाबरोबर घेतल्या तर थायरॉईडची गोळी पोटातच अडकते आणि पुढच्या रिपोर्टात ‘डोस पुरत नाही’ असं दिसतं.

बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉईड आधी जोरात आणि मग मंद, असा झोका जाऊ शकतो. बऱ्याच जणींचा आपोआप सावरतो. पाच महिन्यांचं बाळ मांडीवर असताना सुरू झालेली गोळी जन्माची समजू नका. पुढे कधीतरी ती कमी करून पाहता येते का, ते विचारा.

बाळाच्या टाचेतून रक्त कशाला?

याचसाठी, आणि याला नाही म्हणू नका. जन्मतः थायरॉईड नसलेलं किंवा मंद असलेलं बाळ पहिले काही आठवडे अगदी छान दिसतं. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर ते इतर मुलांसारखं वाढतं. उशीर झाला तर बुद्धीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. मुंबईसह पाच शहरांत आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) केलेल्या पाहणीत सुमारे ११३० बाळांमागे एक असं बाळ सापडलं. रक्त जन्मानंतर ४८ तासांनी घेतात, कारण जन्मताच टीएसएच एकदम उसळलेलं असतं. घरी लवकर सोडत असतील तर तपासणीचं काय, हे विचारूनच निघा. काही ठिकाणी नाळेतलं रक्त घेतात, तेही चालतं.

आजींचं वय ८२, टीएसएच ६.५. गोळी?

वयाबरोबर टीएसएच थोडं चढतंच. ऐंशीच्या पुढे सात-साडेसातपर्यंतचा आकडा बरेच तज्ज्ञ स्वाभाविक मानतात. २०१७ मध्ये युरोपातल्या ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर झालेल्या चाचणीत अशा काठावरच्या लोकांना गोळी देऊन थकव्यात किंवा त्रासात फरक पडला नाही. जास्त झालेली गोळी मात्र म्हातारपणी हृदयाचे ठोके बिघडवते आणि हाडं ठिसूळ करते. आजींच्या बाबतीत घाई नको.

सैंधव मीठ सुरू केलंय, त्यानं होतं का? की आयोडीनच्या मिठानंच झालं?

साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. भारतात २००६ पासून खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं आहे, ते गलगंड आणि मंदबुद्धी मुलं जन्माला येणं टाळण्यासाठी. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं वापरा, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. पण शहरात आज दिसणारा कमी थायरॉईड बहुतेक वेळा हाशिमोतोचा, तो मीठ बदलून जात नाही. थायरॉईड आहे म्हणून कोबी-फ्लॉवर सोडू नका, शिजवून नेहमीसारखं खा.

कुठल्या डॉक्टरांकडे जाऊ?

नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. साध्या कमी थायरॉईडचं निदान आणि औषध त्यांना नीट जमतं. एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे, जायचं ते लहान मूल, गरोदरपण, पिट्युटरीचा संशय, गळ्यात गाठ, हृदयविकार, किंवा आकडे आणि त्रास जुळतच नसतील तेव्हा. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ सहसा नसतो. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत जाता येतं.

जाताना तारखेनुसार लावलेले रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिक, केसांच्या, ताकदीच्या सुद्धा), आणि त्रास कधी सुरू झाला त्याची चार ओळींची नोंद.

गोळी सुरू झाली. पुन्हा रक्त कधी?

सहा ते आठ आठवड्यांनी. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात आणि मुकादमाला नवा अंदाज यायला त्याहून जास्त. पंधरा दिवसांत तपासून ‘फरकच नाही’ म्हणू नका. डोस बदलला की पुन्हा तेवढेच आठवडे थांबायचं, आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा.

येताना मागचा रिपोर्ट तेवढा आणा.